निळी नळी

१

माधुरीनं फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या काउंटरवर ठेवली आणि फडकं उलगडलं. आत एक पिस्टन होता. त्याची एक कड वितळून ओघळली होती, वाऱ्यात ठेवलेली मेणबत्ती ओघळते तशी. धातूचं असं पाणी झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"पंकजच्या गाडीतला आहे, काका," ती म्हणाली. "दसऱ्याला कारखान्याच्या आवारात जे झालं ते हे. आज इंजिन उघडलं."

"मग?"

"मग काही नाही. सगळे म्हणतायत की हे मी केलं."

श्रीरामपुरात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. नाव हनुमंत, वय विचारू नका, केस बघा. शेजारच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये माधुरीनं वर्कशॉप टाकलं तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, ही पोर दिवाळीपर्यंत गाशा गुंडाळते बघ. इंजिनियर झालेली, पुण्यात शर्यतीच्या गाड्यांवर काम केलेली मुलगी इथं कशाला टिकेल? पण तिनं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, फरशी धुतली, आणि पार संगमनेर-शेवगावहून लोक गाड्या घेऊन यायला लागले. ते वाक्य बायकोनं मला अजून विसरू दिलेलं नाही.

आता मात्र शेड ओस पडली होती. धूर ओकणाऱ्या गाडीचा व्हिडिओ घरोघरी पोचला होता आणि ज्यांच्या गाड्या तिच्याकडे होत्या त्यांनी त्या गुपचूप परत नेल्या होत्या.

"काका, चूक माझी असेल तर मी शटर कायमचं ओढते," माधुरी म्हणाली. "दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा मग मला हक्क नाही. पण आधी मला कळू दे, ती माझी होती का."

मी फोन उचलला आणि नगरला राजेश्वरीबाईंना लावला.

२

त्या येईपर्यंत ही गाडी काय होती ते सांगतो, नाहीतर माधुरीचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

बेलापूरचा पंकज, ऊस-कपाशीवाल्या घरचा पोरगा. त्यानं पुण्याहून एक जुनी जपानी गाडी आणली, दोन दारांची, जमिनीला चिकटून बसणारी, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोवाली. तिचा मूळ कंप्युटर कंपनीनं कुलूपबंद केलेला. इंजिनात कितीही दम असो, कंप्युटर परवानगी देईल तेवढीच ती धावणार. नगरचा प्रवीण गाड्यांना सजवतो, आवाज वाढवून देतो. तो म्हणाला, मधे एक लहानशी डबी बसवू, ती मूळ कंप्युटरला खोटं सांगेल आणि गाडी पळेल. माधुरी म्हणाली, "रोज खोटं सांगून संसार कसा चालायचा? नवं डोकंच बसवू." पंकजला ते पटलं. काम माधुरीला मिळालं आणि प्रवीणचं तोंड वाकडं झालं.

नवं डोकं म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. पण ती कोरी येते, जन्मलेल्या लेकरासारखी. इंजिन किती वेगानं फिरतंय, आत किती हवा शिरतेय, त्यावर पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे तिला एकेक करून शिकवावं लागतं. माधुरीनं गाडी रोलरवर चढवली, पट्ट्यांनी जखडली आणि शिकवणी सुरू केली. चाकं सुसाट आणि गाडी जागच्या जागी! लॅपटॉपवर रंगीत चौकोनांचा तक्ता. ती एक चौकोन बदलायची, कानाला हेडफोन लावून इंजिनाच्या पोटातला आवाज ऐकायची, मान हलवायची, पुढचा चौकोन. डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज आला की थांबायचं, म्हणाली, ते इंजिनाचं कण्हणं. संध्याकाळी शेवटच्या वेळी तिनं ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाब दिला तेव्हा माझ्या दुकानातल्या काचा थरथरल्या. एवढीशी डबी आणि केवढं जनावर तिच्या मुठीत, असं वाटून मी नुसता बघत राहिलो.

त्या दिवशी पंकजची आई कलाबाई पण आल्या होत्या. डोक्यावर पदर, कानांवर हात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. इंजिन थांबल्यावर उठून डबीपाशी आल्या.

"आगं पोरी, इंजानाला किती भूक लागली ते ह्या डबीला कळतं तरी कसं?"

माधुरीनं बॉनेटखालची एक निळी रबरी नळी दाखवली, करंगळीहून बारीक. "ही नळी, आजी. हे डबीचं नाक. इंजिन किती श्वास घेतंय ते हिच्यातनं कळतं, मग डबी तेवढंच पेट्रोल वाढते. सगळा जीव या नळीत."

कलाबाईंनी त्या नळीला दोन्ही हात जोडले. मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही.

अष्टमीला गाडी घरी गेली. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या निमित्तानं पंकजनं ती कारखान्याच्या आवारात नेली. हंगाम सुरू व्हायचा होता, उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या ती भली मोठी जागा रिकामी होती. गाव जमला. पंकजनं पहिल्यांदाच पूर्ण दाब दिला, गाडी बाणासारखी सुटली आणि अर्ध्यात पांढऱ्या धुरात बुडाली. माधुरी तेव्हा पांढरी साडी नेसून आईबरोबर धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात होती. तिला ते फोनवर कळलं.

३

राजेश्वरीबाईंचा धंदा चमत्कारिक आहे. ठोकलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या पाहायच्या आणि त्या कशानं मेल्या ते विमा कंपन्यांना सांगायचं. बुटकी बाई, खांद्याला पिशवी, चहाची जबर आवड. आल्या आणि गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गाडी कुठं पळून जात नाही," म्हणाल्या. "आधी डबीला काय आठवतंय ते दाखव."

डबी शेवटच्या धावेची आठवण पोटात ठेवते म्हणे. मला हेही नवीनच. माधुरीनं पडद्यावर दोन रेघा आणल्या.

"लाल रेघ पंकजच्या पायाची. बघा, भिंतीसारखी सरळ वर गेलीय, एकदम पूर्ण दाब. निळी रेघ इंजिनातल्या हवेची. तीही तशीच उसळायला हवी होती. पण ती सावकाश चढतेय. आणि पाय काढल्यावरसुद्धा चढतच राहिलीय."

"टर्बो असा चढतो?"

"कुठलंच इंजिन असा श्वास घेत नाही, मॅडम. आत हवा कोंबली जात होती आणि डबीला वाटत होतं, इंजिन निवांत आहे. तिनं पेट्रोल कमी दिलं, ठिणगी लवकर टाकली. पिस्टन वितळणारच."

"असं होऊ नये म्हणून काही पहारा नसतो?"

माधुरीनं मान खाली घातली. "ठेवला होता. पेट्रोल कमी पडलं की इंजिन बंद करणारा. पण तो हवेचा दाब चढल्यावरच जागा होतो, आणि दाब चढल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही. ते मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"नळी तुंबली असेल."

"फुंकून पाहिली, मोकळी आहे. डबीतलं मोजायचं यंत्र तपासलं, अगदी बरोबर आहे. नळी चांगली, यंत्र चांगलं. मग उरते कोण? मी आणि माझा तक्ता." ती पाणी प्यायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

राजेश्वरीबाई त्या दोन रेघांकडे देवळात बघावं तशा बघत होत्या. "काय वस्तू आहे हो ही," पुटपुटल्या. "मरतानाचा प्रत्येक श्वास सांगतेय." मग माझ्याकडे वळल्या.

"दसऱ्याला डबीला श्वास कळत नव्हता. आज कळतोय. यंत्र आपोआप बिघडतं, हनुमंतराव. आपोआप बरं होत नाही."

४

टाकीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन बाईंनी आधी ते तपासलं. चांगलं निघालं. मग आम्ही नगरला प्रवीणच्या दुकानी गेलो. माझा तर त्याच्यावरच संशय होता. काम हातचं गेलेलं, दसऱ्याला तो आवारात हजर, आणि माधुरीच्या नावानं पहिली बोंब त्याचीच.

"मी बॉनेटला बोटही लावलं नाही," प्रवीण म्हणाला. "हा घ्या व्हिडिओ. सुरुवातीपासून माझ्या हातात फोन आहे."

खरंच होता. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक. गाडी सुटते, तो आवाज येतो. मग धूर. लोक धावतात. पंकज उतरतो, बॉनेट उघडतो, आत वाकतो.

"इथं तो आम्हाला ओरडला, जवळ येऊ नका, भाजेल म्हणून," प्रवीण म्हणाला. "स्वतः मात्र आत हात घालून बसला. बोटं भाजली त्याची. जीव होता बिचाऱ्याचा गाडीवर."

व्हिडिओत कुणीतरी विचारलं, काय झालं रे? पंकज म्हणाला, "संपलं." आणि जमिनीवर बसला.

"माधुरीचं नाव मग तुम्ही कशावरून घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"डबी तिची, तक्ता तिचा. आणखी कोण? तुम्हीच सांगा, मॅडम. इंजिन बसलं की मालक माझी गचांडी धरतो. कशामुळं झालं, बोल, कशामुळं? हा पंकज साधा माणूस म्हणून गप्प राहिला. कुणीतरी बोलायला नको?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता, आणि त्या कधी चहा टाकत नाहीत.

"चला बेलापूरला," म्हणाल्या.

५

पंकजच्या घरी आम्हाला ओट्यावर बसवलं. त्याची बायको सायली चहाचं आधण ठेवायला गेली, पण मिक्सर थांबवून आतूनच बोलत होती.

"मला विचाराल तर बरं झालं गाडी बसली. बाळ जागं होतं तिच्या आवाजानं. नवमीला मी म्हणाले पण होते, एकदाची बंद पडू दे मेली."

मी कान टवकारले. बाई मात्र अंगणात फिरत होत्या. मीही मागं मागं. पाहुण्या बाईला आमची शेती दाखवावी म्हणून मी बडबडत होतो: हा ट्रॅक्टर, ही कडबाकुट्टी, हा मोटारीचा स्टार्टर, ही घरगुती पिठाची गिरणी. खंडेनवमीचं हळदीकुंकू सगळ्यांवर अजून होतं आणि प्रत्येकाला लाल-पिवळा पूजेचा दोरा करकचून बांधलेला. स्कुटीच्या आरशाला दोरा, शिलाई मशीनला दोरा, आत सायली वापरत होती त्या मिक्सरच्या कानालासुद्धा दोरा.

"हे सगळं तुमचं काम का, मावशी?" बाईंनी कलाबाईंना विचारलं.

"व्हय. एक बी यंत्र सोडत न्हाई म्या. ओला करून बांदायचा, म्हंजी वाळला की घट्ट बसतो." कलाबाई पायरीवर टेकल्या. "एका सालाला भाऊकीत सुतक हुतं. खंडेनवमी केलीच न्हाई आमी. न्हाई पूजा, न्हाई दोरा. त्याच सालाला ह्यांना हिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला. पंकज लहान हुता." त्यांनी पदर तोंडाला लावला. "दोरा आसता तर ग्येलं नसतं. तवापासनं कुनाचं सुतक आसू द्या, म्या दोरा चुकवीत न्हाई."

आतला मिक्सर बंद झाला.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "त्या पोरीला लई तरास व्हतुय का वो? गुनाची हाय ती."

बाई हात धुवायला तुळशीपाशी गेल्या आणि तिथं जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. तुळशीच्या मातीत काहीतरी लाल टोक दिसत होतं. मला वाटलं, विझलेली वात असेल.

"निर्माल्य कोण उचलतं घरातलं?" त्यांनी सायलीला विचारलं.

"मीच. हार, फुलं सगळं त्या बादलीत जातं. एकादशीला प्रवरेत सोडतो."

"तुळशीत नाही ठेवत?"

"छे, तुळशीत कोण ठेवतंय?"

एवढ्यात पंकज शेतावरून आला. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. सायलेन्सरला लागलं, म्हणाला. बाईंनी त्याला गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "मी इंजिनाची तपासणी करतेय. तुम्हाला काही विचारायचंय मला?"

"न्हाई मॅडम," पंकज म्हणाला. "काई न्हाई."

गाडीत बसल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "कोण ते मला कळलं, हनुमंतराव. पण सांगायची हिंमत होईना."

६

शेडमध्ये परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. राजेश्वरीबाईंनी आता पहिल्यांदा बॉनेटखाली डोकं घातलं. बॅटरी पेटवून निळी नळी बोटांवर धरली आणि आम्हाला दोघांना बोलावलं.

नळीच्या मधोमध फिकट गुलाबी वळं उमटलं होतं. एक नाही, तीन, एकमेकांना खेटून. एरवी तेल-धूळ म्हणून कुणी पाहिलंही नसतं.

"माधुरी, हा रंग तुझ्या कामातला?"

"नाही. माझ्याकडे असं काही नाहीच."

"हनुमंतराव, मघाशी त्या घरात काय काय पाहिलंत?"

मी बोटांवर मोजत सांगितलं. ट्रॅक्टर, गिरणी, स्टार्टर, मिक्सर. सगळ्यांना दोरा.

"आणि व्हिडिओत या गाडीवर काय होतं?"

"झेंडूचा हार. स्वस्तिक."

"दोरा?"

दोरा दिसला नव्हता. ज्या बाईनं मिक्सर सोडला नाही, ती पोराची एवढी लाडकी गाडी सोडेल? हार घालेल, कुंकू लावेल आणि ज्यावाचून आपला नवरा गेला असं ती मानते, तो दोरा तेवढा विसरेल?

माधुरीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "मीच सांगितलं त्यांना," ती कुजबुजली. "सगळा जीव या नळीत आहे म्हणून."

"तू खरं तेच सांगितलंस आणि त्यांनी ते मनापासून ऐकलं," बाई म्हणाल्या. "तीन वेढे, ओला करून, करकचून. वाळल्यावर नळी चिमटली. पूर्ण बंद नाही, म्हणून गाडी सुरू झाली, सावकाश कारखान्यापर्यंत गेली. तेवढा श्वास त्या चिमटीतून झिरपत होता. पूर्ण दाब दिला तेव्हा मात्र झिरपायला वेळ कुठला?"

नळी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि माझा विश्वास बसत नव्हता. रोलरवर माझ्या दुकानाच्या काचा हलवणारं ते जनावर. त्याला ना दगड लागला ना पहार. एका म्हातारीनं श्रद्धेनं बांधलेल्या दोऱ्यानं त्याचा जीव घेतला होता.

"पण दोरा नव्हता नळीवर," माधुरी म्हणाली. "गाडी इथं आली तेव्हा नव्हता."

"कारण तो आवारातच कापला गेला. सगळ्यांना लांब ठेवून, बोटं भाजून घेऊन." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "प्रवीणनं काय सांगितलं आठवतंय? इंजिन बसलं की मालक पहिलं विचारतो, कशामुळं. पंकजनं त्या दिवशी विचारलं नाही. आज मी समोरून विचार म्हटलं, तरी विचारलं नाही. ज्याला उत्तर माहीत असतं तोच प्रश्न विचारत नाही."

७

दुसऱ्या दिवशी बाईंनी पंकजला शेडवर बोलावलं. तो आला तर बरोबर जीपमध्ये कलाबाई. माधुरीसाठी करंज्या आणल्या होत्या, डबा मांडीवर. पंकजनं त्यांना जीपमध्येच बसायला सांगितलं आणि तो आत आला.

राजेश्वरीबाईंनी त्याला नळीवरची वळी दाखवली. एवढंच. पंकज स्टुलावर बसला.

"तुळशीतून तो दोरा काढून आणा," बाई म्हणाल्या. "एका बाजूला ब्लेडनं कापलेला असेल, आणि त्याला इंजिनाची काजळी लागलेली असेल. कचऱ्यात टाकून दिला असतात तर मला पुरावा मिळाला नसता."

"देवाचा दोरा कसा टाकू, मॅडम?" पंकज म्हणाला. "बादलीत टाकला असता तर सायलीनं विचारलं असतं. येत्या एकादशीला पान्यात सोडणार हुतो." मग त्याचा बांध फुटला. "बॉनेट उघडलं आन् दिसला. बघितला की कळलं. आईला काय सांगू मी? दोरा बांधला न्हाई म्हनून बाप गेला, आसं ती इतकी वर्सं म्हनतेय. आता सांगू, दोरा बांधला म्हनून गाडी गेली? ती जगंल का?"

"आणि मी?" माधुरीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "पंकजदादा, मी जगत होते का हे दिवस? रात्रंदिवस तो तक्ता बघत होते. चौकोन न् चौकोन. मला वाटत होतं, मला काही येतच नाही."

पंकजनं हात जोडले.

दारात करंज्यांचा डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. कलाबाई कधी उतरून आल्या होत्या, देव जाणे. आम्ही सगळे उभे राहिलो. त्या थेट गाडीपाशी गेल्या, नळीवरची गुलाबी वळी पाहिली आणि त्यावरून बोट फिरवलं.

"एवढ्याशा दोऱ्यानं?" त्या म्हणाल्या. "एवढं नाजूक हाय व्हय हे?"

मग पोराकडे वळल्या. "आन् ह्या लेकराला तू चोर ठरू दिलंस? माज्यापायी?"

"आई, तुजं मन..."

"माजं मन म्या बगंल!" इतक्या जोरात की पंकज दचकला. पण पुढचं बोलताना त्यांचा आवाज पडला. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. मला सांगा. तवा दोरा न्हवता म्हनून मालक ग्येलं. आवंदा दोरा हुता म्हनून गाडी ग्येली. मग खरं काय?"

राजेश्वरीबाई त्यांच्याजवळ गेल्या. "त्या मोटारीला काय झालं होतं, मावशी?"

"वायर उगडी हुती. खालनं उंदरांनी खाल्ली हुती म्हनं."

"मग वायरनं गेले ते. दोरा असता तरी गेले असते. दोरा नव्हता म्हणून कुणी गेलं नाही. तुमच्या हातून त्या साली काहीच चुकलं नव्हतं, मावशी. काहीच नाही."

कलाबाई बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि ते रडणं गाडीसाठी नव्हतं हे मलासुद्धा कळलं. पंकज आईच्या पायाशी बसला. माधुरीनं करंज्यांचा डबा उचलून बाकावर ठेवला आणि पाणी आणलं. मी बाहेर जाऊन उगाच बॅटऱ्या पुसत उभा राहिलो.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी कलाबाई आल्या, माधुरीच्या शेडसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायला लागल्या. "ओ भाऊ, ती गाडी ह्या पोरीनं न्हाई बिगडवली. म्या बिगडवली. म्या, कलाबाईनं." भाजीवाल्यांना, एसटीच्या कंडक्टरला, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याला, सगळ्यांना सांगितलं. ऐकून प्रवीण नगरहून आला, शरमला, आणि त्यानंच कलाबाईंचा व्हिडिओ काढून घरोघरी पाठवला. माणूस वाईट नाही, तोंड सैल आहे.

इंजिन नवं झालं. माधुरीनं नळी काढून टाकली आणि हवा मोजायचं यंत्र थेट इंजिनावर बसवून तिथून डबीपर्यंत तार आणली. पहाराही बदलला, आता तो पायाकडे बघतो, नुसत्या हवेवर विसंबत नाही. गाडी पुन्हा रोलरवर चढली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं पूर्ण दाब दिला तेव्हा लाल रेघ आणि निळी रेघ एकाच वेळी, हातात हात घालून वर गेल्या आणि त्या आवाजानं सगळा बाजार गप्प झाला. राजेश्वरीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या होतं की नाही ते मी सांगणार नाही.

इंजिन थांबल्यावर माधुरीनं कलाबाईंना बॉनेटपाशी बोलावलं. तिच्या घरी पूजाअर्चा नाही, ती करतही नाही. पण तिनं आत एका कोपऱ्यात, सगळ्या तारा-नळ्यांपासून लांब, एक जाड लोखंडी कडी जोडून ठेवली होती.

"आजी, इथं बांधा. हवा तेवढा घट्ट. इथं काही दुखत नाही तिला."

कलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून दोरा काढला. या वेळी तो कोरडाच होता. त्यांनी कडीला तीन वेढे घेतले, गाठ मारायच्या आधी आपलं एक बोट दोऱ्याखाली घातलं, ते सहज मागंपुढं सरकतंय ना ते पाहिलं आणि मगच गाठ मारली.